ॲब्लेशननंतर धडधड परत आली तर

हृदयाच्या ठोक्यांचा आजार असलेल्या घरांतून हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो. वर्ष-दोन वर्षे गोळ्या खाल्ल्या, एक बंद करून दुसरी सुरू केली, तरी धडधड काही थांबली नाही. शेवटी डॉक्टरांनी ॲब्लेशन सुचवले. कुणी दागिने मोडले, कुणी भावाकडून उसने घेतले आणि उपचार करून घेतला. दीड महिना बरा गेला आणि एके दिवशी फजरला उठताना छातीत पुन्हा तीच फडफड! घरातले सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. इतका पैसा घातला तो वाया गेला का? डॉक्टरांनी फसवले का?

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ॲब्लेशन हे नाव एक असले तरी ते ज्या आजारांवर करतात ते वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकात ‘यश’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. एकात यश म्हणजे आजार मुळातून जाणे. दुसऱ्यात यश म्हणजे आजार इतका कमी होणे की माणूस पुन्हा कामाला लागेल. हा फरक आधी कुणी सांगत नाही, म्हणून नंतर मन कडवट होते. आमच्या कुटुंबात दोन ॲब्लेशन झाली, एक भाचीचे आणि एक बडे अब्बांचे. दोघांचे अनुभव इतके वेगळे होते की आम्हाला हा विषय नीट समजून घ्यावा लागला.

आधी उपचार काय आहे ते पाहू. हृदयाचा प्रत्येक ठोका बारीकशा विजेच्या लहरीने पडतो. ही लहर ठरलेल्या वाटेने वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जाते. कुठे जास्तीची वाट असली किंवा भलत्याच जागेवरून ठिणगी पडू लागली की ठोके बिघडतात. ॲब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून तारेसारखी बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयात नेतात, बिघाडाची जागा शोधतात आणि तेवढीच जागा उष्णतेने जाळतात किंवा गोठवतात. तिथे व्रण होतो. व्रणातून वीज जात नाही. छाती उघडावी लागत नाही आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतात.

भाचीची गोष्ट सोपी निघाली, पण तिथपर्यंत पोचायला चार वर्षे लागली. तिला अचानक धडधड सुरू व्हायची, नाडी मोजता येणार नाही इतकी जलद चालायची आणि दहा-वीस मिनिटांनी बटण दाबल्यासारखी थांबायची. दवाखान्यात जाईपर्यंत ईसीजी सरळ. मग कुणी म्हणाले परीक्षेचे टेन्शन, कुणी म्हणाले निकाहाची बोलणी चालू आहेत म्हणून, कुणी नजर उतरवायला सांगितली. हे आमच्याच घरात घडते असे नाही. १९९७ साली अमेरिकेत अशाच झटक्यांच्या १०७ रुग्णांची माहिती तपासली गेली. निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता आणि ‘ही भीती आहे, मनाचा ताण आहे’ असे सांगितले जाण्याचे प्रमाण बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट होते. घरातल्या मुलीची किंवा सुनेची धडधड अशी एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल, तर झटका चालू असतानाच जवळच्या कुठल्याही दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा. तो एक कागद चार वर्षे वाचवू शकतो.

भाचीच्या हृदयात जन्मापासून एक जास्तीची वाट होती. या आजाराला वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट म्हणतात. १९९१ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या डॉक्टर जॅकमन यांच्या चमूने अशा १६६ रुग्णांचे निकाल छापले. १६४ जणांची जास्तीची वाट बंद झाली. पुढच्या काही महिन्यांत १५ जणांत ती पुन्हा उघडली. त्या सगळ्यांवर दुसऱ्यांदा उपचार झाला आणि तो लागू पडला. त्याआधी या आजारात छाती उघडून शस्त्रक्रिया करत, किंवा कॅथेटरमधून विजेचा मोठा धक्का देत. आज या प्रकारात आणि त्याच्या जवळच्या एव्हीएनआरटी नावाच्या प्रकारात शंभरातले नव्वद-पंचाण्णव रुग्ण कायमचे बरे होतात. जास्तीची वाट हृदयाच्या मुख्य वीजवाहिनीच्या अगदी जवळ असेल तर तिला इजा होऊन पेसमेकर बसवावा लागण्याचा धोका असतो. तो थोडा आहे, पण आधी विचारून घ्यावा. भाचीच्या गोळ्या बंद झाल्या. आता ती दोन मुलांची आई आहे.

बडे अब्बांचा आजार निराळा होता. त्यांना एट्रियल फिब्रिलेशन होते, डॉक्टर थोडक्यात ए-फिब म्हणतात. यात वरचे कप्पे ठोका देतच नाहीत, नुसते थरथरत राहतात. नाडी कधी जलद, कधी संथ, काही ताळमेळ नाही. सुरुवातीला ते येऊन-जाऊन असते, पुढे मुक्काम ठोकते.

या आजाराचे कोडे फ्रान्समधल्या बोर्दो शहरात उलगडले. डॉक्टर मिशेल हाईसाग्युएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ४५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. या सगळ्यांवर गोळ्या निकामी ठरल्या होत्या. गडबडीची ठिणगी कुठून पडते ते शोधताना त्यांना एकूण ६९ जागा सापडल्या. त्यातल्या ६५ जागा फुप्फुसांतून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होत्या! हृदयाच्या आत शोधाशोध करणाऱ्यांना खोड हृदयाच्या उंबरठ्यावर सापडली. त्या जागा जाळल्यावर ४५ पैकी २८ जण पुढचे काही महिने ए-फिबपासून मुक्त राहिले. तेव्हापासून जगभर ए-फिबचे ॲब्लेशन म्हणजे मुख्यतः या शिरांच्या तोंडाभोवती व्रणांचे कडे करणे.

आम्हाला बोर्दोच्या डॉक्टरांचा आदर वाटतो तो या शोधामुळे, आणि त्याहून जास्त २०११ साली त्यांनी छापलेल्या हिशेबामुळे. आपल्याच १०० रुग्णांचे पाच वर्षांनी काय झाले ते त्यांनी काही न लपवता मांडले. एकदाच ॲब्लेशन केल्यावर पहिल्या वर्षाअखेर ४० टक्के रुग्णांची लय शाबूत होती, पाच वर्षांनी २९ टक्के. गरजेप्रमाणे दुसऱ्यांदा, क्वचित तिसऱ्यांदा केल्यावर पाच वर्षांनी ६३ टक्के. तेव्हापासून यंत्रे सुधारली आणि आजचे आकडे बरे आहेत. २०२३ साली अमेरिकेत ६०७ रुग्णांवर जुनी पद्धत आणि विजेच्या अतिलघु ठोशांची नवी पद्धत यांची तुलना झाली. वर्षभरानंतर नव्या पद्धतीत ७३ टक्के आणि जुन्या पद्धतीत ७१ टक्के रुग्णांवर उपचार यशस्वी ठरला. म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या ए-फिबमध्ये, उत्तम केंद्रातसुद्धा, चारातल्या एकाला वर्षभरात पुन्हा त्रास होतो. मुक्कामी ए-फिबमध्ये त्याहून जास्त.

परत का येते? व्रण भरतात आणि त्यांत फटी राहतात, तिथून वीज पुन्हा वाट काढते. शिवाय वर्षानुवर्षांचे ब्लडप्रेशर, लठ्ठपणा आणि वय यांनी वरचे कप्पे ताणलेले असतात, तिथे नव्या ठिणग्या पडतात. पहिल्या काही आठवड्यांची गोष्ट तर वेगळीच. ताज्या व्रणाभोवती सूज असते आणि त्या सुजेमुळेच हृदय चिडते. म्हणून या काळातली धडधड डॉक्टर अपयशात मोजत नाहीत. पूर्वी ही मुदत तीन महिने मानत, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मतानुसार ती आठ आठवडे आहे. बडे अब्बांना पाचव्या आठवड्यात पुन्हा झटका आला तेव्हा घरात रडारड झाली. ही एवढी एक गोष्ट रुग्णालयातून निघताना कुणी सांगितली असती तर ती झाली नसती.

‘पुन्हा आले’ हे मोजतात कसे, हेही ऐकण्यासारखे आहे. वैद्यकीय पाहण्यांत सूट दिलेल्या आठवड्यांनंतर तीस सेकंदांचा एक झटका जरी नोंदला गेला तरी उपचार फसला असे धरतात. कॅनडात गोळ्यांना दाद न देणाऱ्या ३४६ रुग्णांच्या कातडीखाली ठोके नोंदणारे छोटे यंत्र बसवून वर्षभर रात्रंदिवस पाहणी केली. या कडक मापाने जवळजवळ निम्मे नापास झाले. पण त्याच रुग्णांचा ए-फिबमध्ये जाणारा एकूण वेळ पूर्वीपेक्षा ९८ टक्क्यांहून अधिक घटला होता. आठवड्यातून दोनदा तासन्‌तास पलंगावर पडून राहणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा दोन मिनिटे फडफड झाली, तर कागदावर तो अपयशी आहे आणि घरच्यांच्या नजरेत तो परत चालता-फिरता झाला आहे. आमच्या मते घरच्यांची नजर जास्त खरी आहे. म्हणून दुसऱ्या ॲब्लेशनची घाई करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे की त्रासाचा एकूण वेळ किती कमी झाला आणि जी गोळी आधी लागू पडत नव्हती ती आता लागू पडेल का. पुष्कळदा पडते.

हा सगळा मनाचा समज तर नाही ना, अशी शंका खुद्द डॉक्टरांनाही होती. म्हणून इंग्लंडमध्ये १२६ रुग्णांपैकी काहींवर खरे आणि काहींवर नुसते नावापुरते, आत काही न जाळता, ॲब्लेशन केले गेले. २०२४ साली निकाल आला. ए-फिबमध्ये जाणारा वेळ खऱ्या उपचाराने ६० टक्के आणि खोट्याने ३५ टक्के कमी झाला. पस्तीस हा आकडाही छोटा नाही, पण फरक उघड आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो.

ए-फिबमध्ये थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की फालिज. साध्या ए-फिबमध्येही हा धोका पाचपट असतो. यासाठी रक्त पातळ करणारी गोळी देतात. ॲब्लेशन झाले, धडधड थांबली, की घरात पहिली बंद होते ती हीच गोळी. महाग असते, हिरड्यांतून रक्त येते, आणि आता ‘बरे झालो’ ना! बडे अब्बांनी चौथ्या महिन्यात कुणालाही न विचारता ती सोडली. त्यानंतर काही आठवड्यांनी जेवताना त्यांच्या हातातून निवाला गळून पडला आणि तोंड वाकडे झाले. अर्ध्या तासात ते सावरले, अल्हम्दुलिल्लाह. रुग्णालयात समजले की ए-फिब रात्री झोपेत येऊन जात होते आणि त्यांना पत्ताच लागत नव्हता.

ॲब्लेशनने लय सुधारते म्हणून फालिजचा धोका संपला, असे अजून कुणी दाखवलेले नाही. २०१९ साली दहा देशांतल्या २२०४ रुग्णांचा मोठा निकाल आला. ॲब्लेशन झालेल्यांत ए-फिब परत येण्याचे प्रमाण बरेच कमी होते आणि त्यांची तब्येत चांगली राहिली. पण मृत्यू, अपंग करणारे फालिज, मोठा रक्तस्राव आणि हृदय बंद पडणे या चारांचा मिळून हिशेब केला तर ८ आणि ९.२ टक्के. त्या फरकावर भरवसा ठेवता येत नाही. ज्यांचे हृदय आधीच कमजोर झाले आहे त्यांचे चित्र वेगळे दिसते. २०१८ च्या ३६३ रुग्णांच्या पाहणीत मृत्यू किंवा त्रास वाढून भरती व्हावे लागणे हे गोळ्यांवर ४४.६ टक्के आणि ॲब्लेशननंतर २८.५ टक्के होते. तरी रक्ताची गोळी निदान पहिले दोन-तीन महिने सर्वांनाच घ्यावी लागते. पुढे ती चालू ठेवायची की नाही हे वय, ब्लडप्रेशर, शुगर, पूर्वीचा फालिज आणि हृदयाची ताकद पाहून ठरते, छातीत बरे वाटते की नाही यावरून नाही. २०२५ साली कोरियात ८४० जणांची पाहणी झाली. त्यांच्यात वर्षभर ए-फिब परत आले नव्हते. अशा काही जणांची गोळी थांबवली तर नुकसान झाले नाही, उलट रक्तस्राव कमी झाला. ही आशेची बातमी आहे. पण तिथे गोळी डॉक्टरांनी नोंदी पाहून थांबवली होती.

वर दिलेले आकडे बहुतांश अशा रुग्णांचे आहेत ज्यांच्या झडपा ठीक आहेत, हेही आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. आपल्याकडे अजूनही कितीतरी बायका लहानपणीच्या सांधेतापाने, म्हणजे रुमॅटिक तापाने, झडप आकसून ए-फिबमध्ये येतात. बाळंतपणात दम लागतो तेव्हा कुठे ते समजते. त्यांच्यात फालिजचा धोका सतरापट मोजला गेला आहे. अशा रुग्णाने परदेशातला ७० टक्क्यांचा आकडा ऐकून ॲब्लेशनच्या मागे लागू नये. आधी झडपेचा इलाज. आणि रक्त पातळ करायला जुनी वॉरफरिनच्या जातीची, आयएनआर तपासून घ्यायची गोळीच. २०२२ साली २४ देशांतल्या साडेचार हजार रुमॅटिक रुग्णांवर नव्या गोळीशी तिची तुलना झाली आणि जुनीच सरस ठरली. ही गोळी चालू असताना पालक-मेथी बंद करायची गरज नाही, पण रोज जेवढी खाता तेवढीच खावी. एकदम वाढवली किंवा सोडली की आयएनआर हलतो.

खालच्या कप्प्यांतून येणारा बिघाड, जो बहुधा हार्ट ॲटॅकच्या जुन्या व्रणातून उठतो, हा तिसरा प्रकार. तो जिवावरचा असतो आणि अशांना आधीच छातीत शॉक देणारे यंत्र बसवलेले असते. तिथे ॲब्लेशनचा हेतू शॉक आणि झटके कमी करणे हा आहे. २०१६ साली गोळ्यांना न जुमानणाऱ्या अशा २५९ रुग्णांत ॲब्लेशन हे गोळ्यांचा डोस वाढवण्यापेक्षा सरस ठरले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. ज्याने असा शॉक जागेपणी खाल्ला आहे, त्याला तो कमी होणे ही किती मोठी गोष्ट आहे ते विचारा.

धोक्यांपैकी एकाच धोक्याबद्दल इथे सांगतो, कारण तो घरीच ओळखावा लागतो. हृदयाच्या मागे अन्ननलिका असते. ए-फिबच्या ॲब्लेशनची उष्णता तिला लागून एखाद्या वेळी दोघांमध्ये भोक पडते. जगभरातल्या साडेपाच लाख उपचारांत असे १३८ रुग्ण सापडले. फार थोडे, पण त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश दगावले. लक्षणे घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांपर्यंतही दिसतात. ताप, छातीत दुखणे, गिळताना त्रास, किंवा अचानक हात-पाय लुळे पडणे. असे झाले तर गल्लीतल्या डॉक्टरांकडून तापाची गोळी घेऊन बसू नये. ॲब्लेशन केलेल्या रुग्णालयात ताबडतोब जावे आणि इतरत्र गेलात तर पहिल्या वाक्यातच ‘हृदयाचे ॲब्लेशन झाले आहे’ असे सांगावे. अशा वेळी घशातून दुर्बीण घालण्याने अनर्थ होऊ शकतो. आधी सीटी स्कॅन करतात.

आपल्या घरांतून विचारले जाणारे दोन प्रश्न राहिले. पहिला रमजानचा. रक्ताच्या काही गोळ्या दिवसातून दोनदा, बारा तासांनी घ्यायच्या असतात, आणि रोज्याचा दिवस आपल्याकडे तेरा-चौदा तासांचा. एक गोळी अशीही आहे जी एकदाच, पण भरल्या पोटी घ्यावी लागते, ती इफ्तारनंतर सहज बसते. म्हणून शाबानमध्येच डॉक्टरांना भेटून वेळा ठरवून घ्याव्यात, मनाने सहेरी-इफ्तारला वाटून घेऊ नयेत. ॲब्लेशन होऊन काहीच आठवडे झाले असतील तर आजाऱ्याला दिलेली सवलत घ्यावी. अंगातले पाणी कमी झाले की ठोके बिघडतात. दुसरा प्रश्न हेपारिनचा. ॲब्लेशन चालू असताना गुठळी होऊ नये म्हणून हे औषध शिरेतून देतात आणि ते बहुधा डुकराच्या आतड्यापासून बनते. नंतर कळल्यावर काही घरांत वाद होतात. जीव वाचवण्यासाठी इलाज नसताना मुभा असते हे तत्त्व सर्वांना ठाऊक आहे. तरी ज्यांच्या मनात खटकते त्यांनी आधीच डॉक्टरांशी आणि आपल्या आलिमांशी बोलून घ्यावे, म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर मन शांत राहील.

निकाल सुधारण्याचा एक भाग घराच्या हातात आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात ॲब्लेशन झालेल्यांपैकी काहींनी वजन, ब्लडप्रेशर, शुगर आणि झोपेतला श्वास यांवर कसून काम केले, बाकीच्यांनी नेहमीचेच उपचार घेतले. गरजेप्रमाणे दुसरे-तिसरे ॲब्लेशन धरून पहिल्या गटातले ८७ टक्के चांगल्या लयीत राहिले, दुसऱ्यातले १८ टक्के. कोणी कुठल्या गटात जायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे आकडा तंतोतंत धरू नये, पण दिशा स्पष्ट आहे. झोपेत घोरता घोरता श्वास अडकतो की नाही हे रुग्णाला कधीच ठाऊक नसते, बीवीला असते. तिने ते डॉक्टरांना सांगितले पाहिजे. आमच्या बडी अम्मींनी सांगितले, तपासणी झाली, आणि बडे अब्बा आता रात्री मास्क लावून झोपतात, कुरकुर करत का होईना. दावतीत दुसऱ्यांदा बिर्याणी वाढली की तेच ताट मागे घेतात.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत लागू असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. तारीख ठरवण्याआधी त्यांना रेशनकार्ड दाखवून आपल्या आजाराचे ॲब्लेशन यादीत आहे का ते विचारून घ्यावे. दागिने मोडण्याचा विचार त्यानंतर करावा. आणि डॉक्टरांसमोर बसलात की आजाराचे नेमके नाव, ते आपल्या डॉक्टरांनी वर्षाला किती जणांवर केले, दुसऱ्यांदा करावे लागले तर त्याचे पैसे वेगळे का, आणि रक्ताची गोळी कधीपर्यंत, एवढे वहीत लिहून घ्यावे. बडे अब्बांची ती वही आता भाची सांभाळते. दर जुम्याला ती त्यांची नाडी मोजून त्यात तारीख टाकते.